भाडेकरूचे पाहुणे आणि तुमची पॉलिसी

प्रश्न : मी फ्लॅट भाड्याने दिला आहे. भाडेकरू स्वतः तिथे फारसा राहत नाही. एअरबीएनबीवरून दोन-चार दिवसांसाठी पाहुण्यांना देतो. मला भाडं थोडं वाढवून देतो, म्हणून मी हरकत घेतली नाही. घराच्या विम्याचा हप्ता दरवर्षी वेळेवर भरतो. पाहुण्यांनी काही नुकसान केलं तर भरपाई मिळेल ना?

उत्तर : तेवढ्यावर विसंबू नका. कंपनीने विमा उतरवला तो एका भाडेकरूच्या राहत्या घराचा. दर आठवड्याला नवी माणसं उतरतात ते घर तिच्या लेखी वेगळं. बऱ्याचदा तो धंदाच धरला जातो. क्लेमच्या पाहणीला मी जात असे तेव्हा दाराच्या कडीला चावीची नंबरवाली डबी आणि फ्रिजवर वायफायचा पासवर्ड चिकटवलेला दिसला, की फुटलेला पाइप राहायचा बाजूला. पहिला प्रश्न, इथे राहतं कोण? दुसरा, मालकाला ठाऊक होतं का? वाढीव भाडं घेतल्यावर ‘मला कल्पनाच नव्हती’ म्हणायची सोय तुम्हाला उरलेली नाही.

चोरीचं तर आणखी अवघड. अनेक पॉलिसींत कुलूप किंवा दार फोडल्याची खूण असेल तरच चोरीचा क्लेम मिळतो. पाहुणा चावीने आत आला आणि टीव्ही उचलून चालता झाला, तर फोडलं काय? (टीव्ही कोण नेतो, असं वाटत असेल तर तुम्ही नशीबवान आहात.) मालकाच्या संमतीने आत आलेल्याने मुद्दाम केलेली नासधूस वगळणारं कलमही पुष्कळदा असतं. वगळलेल्या बाबींचं पान तेवढं आजच काढून वाचा.

भाडेकरू म्हणेल, एअरबीएनबीचं संरक्षण आहे की! आहे, नुकसानीसाठी ३० लाख डॉलरपर्यंत. पण ही विमा पॉलिसी नव्हे, असं ती कंपनीच सांगते. शिवाय मागणी करायची ती यजमानाने, पाहुणा गेल्यापासून १४ दिवसांच्या आत. यजमान म्हणजे तुमचा भाडेकरू. त्याने चालढकल केली की तुम्ही हात चोळत बसणार.

विमा कंपनीला ईमेलने सगळं कळवा आणि उत्तरही लेखी मागा. एजंटचं ‘चालतं हो’ क्लेमच्या वेळी कामाला येत नाही. कंपनी हप्ता वाढवेल किंवा नाही म्हणेल. नाही म्हणाली तर अल्पमुदतीच्या भाड्यासाठीची वेगळी पॉलिसी शोधा, आणि पाहुणा बाथरूममध्ये घसरून जखमी झाला तर तुमच्यावर येणारी जबाबदारी तिच्यात धरली आहे का, तेही विचारून घ्या. भाडेकरार एकदा तपासा; पोटभाडेकरू ठेवायला मनाई असेल तर आधी ते निस्तरा. तोवर बुकिंग बंद. भाडेकरू कुरकुर करेल, करू दे.