प्रथिन-स्फटिकांसाठी डिफ्रॅक्टोमीटर निवडताना

डिफ्रॅक्टोमीटर म्हणजे स्फटिकावर क्ष-किरण टाकून ते कसे विखुरतात यावरून रेणूची रचना शोधणारे यंत्र. पुण्यात नवी प्रयोगशाळा उभारताना या यंत्राच्या माहितीपत्रकांआधी आपले स्फटिक पाहावेत, असे मी आग्रहाने सांगेन. प्रथिनांचे स्फटिक लहान असतात आणि क्ष-किरण क्षीणपणे विखुरतात. म्हणून लहान रेणूंसाठी सर्रास वापरला जाणारा ०.७१ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचा मॉलिब्डेनम क्ष-किरण स्रोत न घेता तांब्याचा १.५४ अँगस्ट्रॉमचा घ्यावा, कारण त्यावर विवर्तन (स्फटिकातून ठरावीक दिशांना होणारे विखुरणे) अधिक तीव्र मिळते आणि एकक-कोष्ठिका (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा मूळ ठोकळा) मोठी असली तरी विवर्तनाचे ठिपके एकमेकांपासून सुटे राहतात. फिरत्या अ‍ॅनोडच्या (इलेक्ट्रॉन आदळून क्ष-किरण देणाऱ्या फिरत्या धातू-लक्ष्याच्या) स्रोताची तीव्रता मोहक असली, तरी त्याचे निर्वात पंप आणि फिलामेंट सतत देखभाल मागतात. स्वतंत्र तंत्रज्ञ नसेल तर मायक्रोफोकस सीलबंद नळीच (अगदी बारीक झोत देणारी बंदिस्त क्ष-किरण नळी) बरी. वाचलेले पैसे फोटॉन मोजणाऱ्या पिक्सेल शोधकावर (डिटेक्टरवर) खर्च करावेत.

स्फटिक थंड ठेवणाऱ्या १०० केल्विनच्या (सुमारे उणे १७३ अंश सेल्सिअस) नायट्रोजन झोताकडे मात्र अजिबात दुर्लक्ष करू नका. पावसाळ्यातल्या दमट हवेत स्फटिकावर बर्फ साचतो आणि त्याची विवर्तन-वलये विदा (डेटा) बिघडवतात, म्हणून खोलीतील आर्द्रता-नियंत्रणाचा खर्च पहिल्याच प्रस्तावात मांडा. अगदी सूक्ष्म स्फटिकांसाठी इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (वेगवान इलेक्ट्रॉनांपासून अतितीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) प्रथिनांसाठीची किरणवाहिनी (ते क्ष-किरण प्रयोगापर्यंत आणणारी मार्गिका) आहे; त्यामुळे आपल्या यंत्राकडून प्रामुख्याने स्फटिकांची पारख विश्वासाने व्हावी, एवढी अपेक्षा ठेवून दरपत्रके मागवा.