टीबीच्या गोळ्या, काट्यावरचं वजन आणि न्याहारीची वेळ

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला फुप्फुसाचा टीबी आहे. वय 26, वजन 36 किलो, रोज तीन गोळ्या. उपाशीपोटी मळमळतं म्हणून आई आधी पोहे-चहा देते, मग गोळ्या. आशाताई म्हणतात, अशाने औषध लागू पडत नाही. खरं आहे का? आणि अंगात ताकदच नसेल तर औषध रक्तात पुरेसं उतरतं का?

उत्तर : आशाताईंचं बरोबर आहे. तेलकट खाण्यावर घेतलेल्या रिफाम्पिसिनची (या गोळ्यांतलं टीबीचं एक मुख्य औषध) रक्तातली सर्वोच्च पातळी सुमारे एक तृतीयांशाने घटते. गोळ्यांतल्याच आयसोनियाझिड या दुसऱ्या औषधाला त्याहून मोठा फटका बसतो. तेव्हा गोळ्या सकाळी 7 ला साध्या पाण्याबरोबर, पोहे 8 ला. आधी खाणं झालंच असेल तर दोन तास थांबा. उपाशीपोटी अजिबात सोसत नसेल तर हलकं, बिनतेलाचं थोडंसं खाऊन घ्या, पण डोस चुकवू नका. आम्लपित्ताचं औषध गोळ्यांसोबत नको, दोन तासांचं अंतर ठेवा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा गुंतागुंतीचं आहे. कुपोषणात आतड्याचं अस्तर झिजतं, त्यामुळे औषध कमी किंवा उशिरा शोषलं जाऊ शकतं. शिवाय रिफाम्पिसिनचा सुमारे 80 टक्के भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटून फिरतो. ही प्रथिनंच कमी असली की तपासणीत एकूण पातळी कमी दिसते, पण जंतूवर काम करणारा मोकळा हिस्सा तितका घटलेला असेलच असं नाही. म्हणून नुसता आकडा पाहून घाबरू नये आणि मनाने गोळी तर मुळीच वाढवू नये. सुधारणा होत नसेल तर डॉक्टर गोळ्यांनंतर 2 आणि 6 तासांनी रक्त घेऊन पातळी बघू शकतात. रिफाम्पिसिनची सर्वोच्च पातळी मिलिलिटरला 8 ते 24 मायक्रोग्रॅम असणं अपेक्षित आहे. सहा तासांचा आकडा दोन तासांपेक्षा जास्त आला तर शोषण उशिरा होतंय. दोन्ही कमी आले तर औषध नीट शोषलंच जात नाहीये. लघवी केशरी होते म्हणजे औषध पोटात गेलं एवढंच, किती गेलं ते त्यावरून कळत नाही.

मळमळीकडे मात्र लक्ष ठेवा. कुपोषित रुग्णाच्या यकृताला या गोळ्यांचा त्रास होण्याचा धोका जास्त असतो. भूक पार गेली, उलट्या थांबेनात किंवा डोळे पिवळे दिसले, तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठा. तळपायांना मुंग्या येत असतील तर ब-6 जीवनसत्त्वाच्या गोळीबद्दल विचारा. आयसोनियाझिडमुळे ते कमी पडतं, आणि अशक्त माणसाकडे त्याचा साठा मुळातच तोकडा असतो.

आणि खाणं वाढवा! झारखंडमधल्या अभ्यासात रुग्णांना रोज सुमारे 1200 कॅलरी आणि 52 ग्रॅम प्रथिनं देणारा जादा शिधा दिला होता. त्यात पहिल्या दोन महिन्यांत 5 टक्के वजन वाढलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण सुमारे 60 टक्क्यांनी कमी आढळलं. तुमच्या भावासाठी 5 टक्के म्हणजे जेमतेम पावणेदोन-दोन किलो. अंडी, शेंगदाणे, उसळ, डाळ, दूध यांसाठी निक्षय पोषण योजनेचे महिन्याचे 1000 रुपये वापरा. खात्यात जमा झाले नसतील तर आरोग्य केंद्रात पाठपुरावा करा.

प्रश्न : उपचार सुरू करताना माझं वजन 47 किलो होतं, आता 52 आहे. गोळ्या तीनच चालू आहेत. वाढवायला हव्यात का?

उत्तर : हो, आरोग्य केंद्रात लगेच सांगा. 35 ते 49 किलोला तीन आणि 50 ते 64 किलोला चार गोळ्या असा हिशेब आहे. एका गोळीत 150 मिलिग्रॅम रिफाम्पिसिन असतं. तीन गोळ्यांत तुम्हाला किलोमागे 8.7 मिलिग्रॅमच मिळतंय, चार घेतल्यावर 11.5 मिळेल. वजन वाढलं ही आनंदाची गोष्ट, पण कार्डावर जुनाच आकडा राहिला तर डोस तोकडा पडतो. दर महिन्याला एकाच काट्यावर, चपला काढून वजन करा.

प्रश्न : बांगडा खाल्ल्यावर तासाभरात तोंड लालबुंद झालं, डोकं ठणकलं, धडधडलं. टीबीच्या गोळ्या चालू आहेत. मासे बंद करू?

उत्तर : मासे बंद करू नका, प्रथिनं हवीतच. बर्फाविना राहिलेल्या बांगड्यात किंवा कुप्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. शरीरात ते मोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) आयसोनियाझिड अडवतं, म्हणून घरातल्या इतरांना काही झालं नसेल तरी तुम्हाला त्रास झाला असावा. ताजा, बर्फातला मासाच घ्या. गोळ्या थांबवू नका, पण डॉक्टरांना कळवा. श्वास लागला तर मात्र लगेच दवाखान्यात जा.