रंकाळ्याचं चित्र, दहा टक्के आणि ब्लॉकचेन

प्रश्न : माझे वडील कोल्हापुरात शाळेत चित्रकला शिक्षक होते. रविवारी सायकलच्या कॅरिअरला बोर्ड बांधून निघायचे आणि जागेवर बसून जलरंगात निसर्गचित्रं करायचे. १९८७ मध्ये त्यांनी रंकाळ्याचं एक चित्र ओळखीच्या डॉक्टरांना साडेतीन हजारांना दिलं. वडील २००९ मध्ये गेले. गेल्या वर्षी तेच चित्र एका लिलावाच्या कॅटलॉगमध्ये दिसलं आणि सव्वाचार लाखांना गेलं. आम्हाला त्यातला रुपयाही नाही. आता एक तरुण म्हणतो, घरात उरलेली बावीस चित्रं ब्लॉकचेनवर चढवा, मग दर वेळी विकली गेली की दहा टक्के आपोआप तुमच्या खात्यात. एका चित्राचे पंधराशे मागतो. द्यावेत का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बावीस गुणिले पंधराशे म्हणजे तेहेतीस हजार. त्या तरुणाला तूर्त चहा पाजून परत पाठवा. आधी गेलेल्या चित्राचं बघू, कारण तिथे तुमचा हक्क आजही आहे आणि त्यासाठी ब्लॉकचेनची कुठली साखळी लागत नाही.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३-अ आलं. मूळ चित्र, शिल्प किंवा रेखाटन दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला, आणि तो नसेल तर त्याच्या कायदेशीर वारसांना, त्या किमतीत वाटा मिळतो. नफ्यात नव्हे, किमतीत. कॉपीराइट लिहून दिलेला असला तरी हा वाटा सुटत नाही. अट एवढीच, की कॉपीराइटचा पहिला मालक चित्रकार स्वतः असला पाहिजे. वडील शाळेच्या नोकरीत होते म्हणजे कॉपीराइट शाळेचा, असं सांगून कोणी तुम्हाला घाबरवलं तर घाबरू नका. शाळेने त्यांना रविवारी रंकाळ्यावर बसायला सांगितलं नव्हतं. हा हक्क कॉपीराइट असेपर्यंतच टिकतो; त्याची मृत्यूनंतर साठ वर्षं धरली, तर तुमची मुदत २०६९ च्या अखेरीस संपते.

घोडं अडतं ते पुढेच. कायदा म्हणतो, वाटा दहा टक्क्यांहून जास्त नसावा. नेमका किती, ते ठरवायचं काम कॉपीराइट मंडळाचं. ते मंडळ पुढे बौद्धिक संपदेच्या अपील मंडळात गेलं, २०२१ मध्ये तेही बरखास्त झालं आणि ही कामं न्यायालयांकडे आली. म्हणजे लिलाववाल्याने वाटा कापून तुमच्या दारात आणून द्यावा, अशी व्यवस्थाच आपल्याकडे बसलेली नाही. मागावं तुम्हीच लागणार. कॅटलॉगचं ते पान, लॉट नंबर, वडिलांच्या मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं जोडून लिलाव संस्थेला रजिस्टर पत्र पाठवा, एक प्रत वकिलाच्या हातात ठेवा. विक्रेत्याचं नाव आम्ही सांगत नाही, असं उत्तर येईल. नाव सांगू नका, आमचं पत्र त्यांना पोचवा आणि तसं लेखी कळवा, असं उलट लिहा.

ब्रिटनमध्ये हा हक्क २००६ पासून आहे. तिथे पैसे मिळतात, कारण विक्रेत्याबरोबर मधला लिलाववाला किंवा गॅलरीही देणं लागते आणि कलाकारांच्या वतीने वसुली करणाऱ्या संस्था त्यांच्या मागे लागतात. कायद्याने मध्यस्थाची कॉलर धरली आहे. यात संगणकाचा चमत्कार काही नाही.

आता ब्लॉकचेन. मी सत्तावीस वर्षं काळा घोड्याजवळच्या एका गॅलरीत विक्रीचं रजिस्टर लिहीत होते, म्हणून मला ती चोपडीसारखीच दिसते : हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली, आणि लिहिलेलं खोडता न येणारी. खोडता न येणं ही मोठीच गोष्ट आहे. आमच्या रजिस्टरात व्हाइटनर किती चाले ते मी पाहिलंय. पण चोपडी पैसे वसूल करत नाही. इथेरिअम या साखळीवर रॉयल्टीसाठी ईआरसी-२९८१ नावाचं एक मानक आहे. विक्री घडवून आणणाऱ्या ऑनलाइन बाजाराने विचारलं, की 'एवढ्या किमतीला रॉयल्टी किती आणि कोणाला?', तर ते आकडा आणि पत्ता सांगतं. बस. द्यायचे की नाही, हे तो बाजार ठरवतो. कमी रॉयल्टीवाले बाजार आले, गिऱ्हाइकं तिकडे वळली, आणि ओपनसीसारख्या मोठ्या बाजारानेही ३१ ऑगस्ट २०२३ पासून नव्या संग्रहांची रॉयल्टी ऐच्छिक केली. हे निव्वळ डिजिटल चित्रांचं झालं, जिथे निदान विक्री तरी साखळीवरच होते.

तुमचं चित्र कागदाचं आहे. डॉक्टरांच्या मुलाने ते भिंतीवरून उतरवलं, चादरीत गुंडाळलं, गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून मुंबईला नेलं आणि चेक घेतला. साखळीला यातलं काय कळलं? कोणी येऊन नोंद केली तरच कळणार. आणि ज्याला दहा टक्के वाचवायचे आहेत तो नोंद करायला कशाला येईल?

आमच्याकडे एकदा एक जलरंग परत आला होता, नव्या फ्रेममध्ये. आमची पद्धत अशी, की मागच्या हार्डबोर्डवर निळ्या शाईत नंबर, तारीख, चित्रकाराची सही असलेली चिठ्ठी चिकटवायची. फ्रेमवाल्याने जुना बोर्ड भिजलेला म्हणून फेकला आणि चिठ्ठी त्याच्याबरोबर गेली. चित्र आमच्याकडूनच गेलेलं, हे मला डोळ्यांनी कळत होतं. कागदावर सिद्ध करता आलं नाही. त्या चित्रकाराच्या बायकोचा चेहरा अजून आठवतो. कुठेतरी पक्की नोंद असती, तर उपयोग झाला असता. म्हणून मी ब्लॉकचेनला हसत नाही. नोंद म्हणून ती चांगलीच आहे, वसुली कारकून म्हणून नाही.

तेव्हा बावीस चित्रांचं असं करा. प्रत्येकाचे पुढून आणि मागून फोटो काढा, सहीचा जवळून एक. लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहा. यापुढे एकही चित्र नुसत्या बिलावर देऊ नका. सोबत दोन पानी करार करा, की पुन्हा विकताना आम्हाला कळवायचं, वाटा द्यायचा आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडूनही हीच सही घ्यायची. ही युक्ती जुनी आहे. १९७१ मध्ये न्यूयॉर्कला कलासंयोजक सेथ सिगेलॉब आणि वकील रॉबर्ट प्रोजान्स्की यांनी असा छापील करारच काढला होता, वाढलेल्या किमतीत चित्रकाराला १५ टक्के. दोनच वर्षांनी अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्गचं ९०० डॉलरना गेलेलं चित्र लिलावात ८५,००० ला विकलं गेलं आणि तो विकणाऱ्यावर भर गर्दीत भडकला. त्याच्या हातात करार नव्हता.

एवढं झाल्यावर हौस असेल तर साखळीवर नोंदवा. पण त्या तरुणाला तीन गोष्टी विचारा : कुठली साखळी, नोंदीची गुप्त किल्ली (पासवर्डसारखा संकेत) कोणाकडे राहणार, आणि तुझी कंपनी बंद पडली तर फोटो कुठे असतील? बहुतेक वेळा साखळीवर फक्त दुवा असतो, चित्र दुसऱ्याच सर्व्हरवर.

प्रश्न : आजोबांच्या नाटकाची मूळ हस्तलिखित वही आम्ही एका संग्राहकाला पाच हजारांना दिली. त्याने ती चाळीस हजारांना विकली. चित्रांचा नियम आम्हाला लागू होतो का? आजोबा १९५८ मध्ये वारले. — एक वाचक, फोंडा

उत्तर : कलम ५३-अ मध्ये मूळ हस्तलिखितंही येतात, हे फार थोड्यांना माहीत असतं. पण साठ वर्षं २०१८ च्या अखेरीस भरली, त्याबरोबर हा हक्कही संपला. व्यवहार त्याआधीचा असेल, तर तारखेचा कागद घेऊन वकिलाला भेटा. नंतरचा असेल, तर संग्राहकाकडून वहीची स्कॅन केलेली प्रत तेवढी मागून घ्या. मला वाटतं, देईल.