बागेतला मोर गंजला, आता काय घ्यावं? आणि बंब-घंगाळाचं काय करावं?

ताई, तुमचा प्रश्न मी असा समजलो. बेळगावच्या टिळकवाडीत नवं घर, मागं दीड-दोन गुंठ्यांची बाग. गेल्या वर्षी हायवेवरून आणलेला पत्र्याचा लोखंडी मोर गणपतीपर्यंत तांबडा झाला आणि खालच्या शहाबादी फरशीवर त्याचे डाग उतरले. आता त्या जागी पितळेचं काही घ्यावं की स्टेनलेस स्टीलचं, हा पहिला प्रश्न. दुसरा, माळ्यावर पडून असलेला सासूबाईंचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब आणि पितळी घंगाळ बाहेर मांडलं तर चकचकीत कसं ठेवायचं.

मी इथल्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) पॅटर्नच्या, म्हणजे वाळूत साचा उठवायच्या नमुन्यांच्या, खात्यात 27 वर्षं काढली. निवृत्तीनंतर बाग हेच काम आहे, त्यामुळे धातू ओतला जाताना पाहिलाय आणि पावसात उभा असतानाही पाहतोय. उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

आधी मोराचं. तो लोखंडाचा होता म्हणून गेला असं समजू नका. आपल्या घराघराला लोखंडी गेट आहे, खिडक्यांना गज आहेत, ते वीस-वीस वर्षं टिकतात. लोखंड भिजलं आणि लगेच वाळलं तर गंज फार पुढं जात नाही. पाणी जिथं मुक्काम करतं तिथं तो आत शिरतो. मोर उलटा करून बघा. पाय पोकळ पाइपचे असतील, पाइपचं तोंड खाली जमिनीत किंवा सिमेंटमध्ये रोवलेलं असेल आणि पिसं नुसत्या टाक्यावर वेल्डिंग केलेली असतील, म्हणजे दोन टाक्यांच्या मध्ये फट. पाऊस त्या फटीतून आत जातो आणि बाहेर यायला त्याला वाट नसते.

हे मला माझ्या बगळ्यांनी शिकवलं. एका फॅब्रिकेटरकडून हौसेनं बगळ्यांची जोडी करून घेतली होती, कमरेएवढ्या उंचीची. रंग उत्तम, बाहेरून कुठं ठिपका नाही. दुसऱ्या श्रावणात एक बगळा सकाळी आडवा पडलेला. उचलला तर गुडघ्यातून तुटलेल्या पायातनं तांबडंलाल पाणी भळाभळा ओतलं, घोटून काढलेल्या चहासारखं, आणि तळाला चिखल. दीड वर्षं तो पाय आतून पाण्यानं भरलेला होता. दुसऱ्या बगळ्याच्या दोन्ही पायांना त्याच दिवशी तळाशी पाच मिलिमीटरचं भोक पाडलं, फटी वेल्डिंगनं बुजवून घेतल्या. तो अजून उभा आहे. म्हणून माझं म्हणणं हे की धातू कुठला ते नंतर ठरवा, आधी वस्तूचा पाय आणि तिचे सांधे बघा.

घेताना बोटानं चाचपायच्या गोष्टी सांगतो. पोकळ भागाला तळाशी भोक हवं. सांधा सलग वेल्डिंगचा हवा. पाय मातीत थेट रोवायचा नाही. खाली काँक्रीटचा ठोकळा, तो जमिनीच्या चार बोटं वर, माथा जरा उतरता, आणि त्यावर बोल्टनं बसवलेली पट्टी. फरशीवरचे डागही यानं कमी होतात, कारण ओघळ ठोकळ्यावरून मातीत जातो. आणि वळचणीखाली काहीही मांडू नका. पन्हाळीचं पाणी दिवसभर एकाच जागी ठिबकतं, ते सरळ पावसापेक्षा वाईट.

आता धातू. आपल्या बेळगावात वर्षाला साधारण 1,200 ते 1,300 मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर, शिवाय धुकं आणि दमट हवा. खानापूरच्या पुढं, कणकुंबीकडं गेलात तर याच्या कितीतरी पट. उलट अथणी-रायबागकडं पत्र्याचा मोरसुद्धा बरीच वर्षं काढेल. त्यामुळे तिकडच्या पाहुण्यांच्या अनुभवावरून इथं खरेदी करू नका.

माझी पहिली पसंती बीड, म्हणजे ओतीव लोखंड. आपल्याकडं तव्यामुळं ते सगळ्यांना माहीत आहे. ओतीव असल्यामुळे सांधे नाहीत, जाडी भरपूर, गंज आला तरी वरवर धरतो आणि रंग द्यायला सोपं. दोष एकच, ठिसूळ असतं. माकडानं पाडलं किंवा ट्रॅक्टरचा धक्का लागला की मोडतं, आणि गल्लीतल्या वेल्डरकडून साध्या रॉडनं जोडून घेतलं तर थंड होताना शेजारीच चीर जाते. त्याला निकेलचा रॉड लागतो आणि तुकडा आधी तापवावा लागतो.

आणि ताई, फौंड्रीच्या गावात राहून बिडाची वस्तू बाहेरगावाहून कशाला आणायची? लहान जॉबिंगचं, म्हणजे मागणीप्रमाणे सुटे नग ओतायचं काम करणाऱ्या फौंड्र्या एखाद-दुसरा नग ओतून देतात, फक्त पॅटर्न तुम्ही द्यायचा. कोणाकडं जुनी बिडाची दीपमाळ, पणतीचा स्टँड असेल तर तोच नग पॅटर्न म्हणून वाळूत दाबता येतो. येणारा नग मात्र मूळ नगापेक्षा किंचित लहान निघेल. बिडाचा रस थिजून थंड होताना फुटाला साधारण एक अष्टमांश इंच आकसतो. आम्ही लाकडी पॅटर्न करताना श्रिंकेजची वेगळी पट्टी वापरायचो, तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा तेवढाच मोठा. झाकण, खाच असं काही बसवायचं असेल तर हे आधी बोलून घ्या. आणि फौंड्रीला शॉट ब्लास्टिंग (बारीक छऱ्यांचा मारा) करूनच नग द्यायला सांगा, म्हणजे चिकटलेली वाळू जाते आणि रंग धरतो.

पितळ आणि कासं पावसाला भीत नाहीत. 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या पोर्तुगीज घंटा आणून आपल्या देवळांत टांगल्या, एक भीमाशंकरला आहे. तिथला पाऊस काय असतो ते तुम्हाला माहीतच आहे. घंटा काळवंडली, पण आवाज देते. पितळ घेताना चुंबक सोबत न्या. वरून पितळी मुलामा आणि आत लोखंड असा माल भरपूर आहे. चुंबक चिकटला तर घेऊ नका. चिकटला नाही तरी तळाच्या न दिसणाऱ्या जागी दुकानदाराला विचारून कानशीचा एक घास मारा, आतही पिवळंच दिसायला हवं. बाहेरच्या पितळेला खरी भीती चोराची. मोडीत चांगला भाव येतो, म्हणून कंपाउंडजवळ ठेवू नका आणि खालून बोल्ट करा.

स्टेनलेस स्टीलला इथं चुंबकाचा उपयोग नाही. 202 आणि 304 या स्टीलच्या दोन प्रती, दोन्हींना तो सहसा चिकटत नाही, पण 202 मध्ये निकेल कमी असतं आणि बाहेर त्यावर तपकिरी ठिपके लवकर येतात. बिलावर 304 लिहून मागा. समुद्र घाटाखाली, त्याची खारी हवा इथवर पोचत नाही, म्हणून आपल्याकडं 304 पुरतं. घासताना लोखंडी काथ्या लावायचा नाही, त्याचे कण अडकतात आणि तेच गंजतात. ॲल्युमिनियम हलकं, गंजत नाही, पण वाऱ्यानं पडतं. बिदरी कामाचा मोर मात्र कितीही आवडला तरी घरातच ठेवा. जस्ताच्या मिश्रधातूवर बिदरच्या किल्ल्यातल्या मातीनं आणलेला तो काळा रंग उन्हापावसासाठी नाही.

तुमचा मोर टाकू नका. पाय शाबूत असतील तर रंगवून घ्या, त्याची वेळ होळीनंतर वळीव सुरू व्हायच्या आत. तारेच्या ब्रशनं सुटा गंज काढा. नव्या पत्र्यावर जी काळी-निळसर पापडी असते तीही 80 नंबरच्या पॉलिश पेपरनं काढा, नाहीतर रंग त्या पापडीसकट सुटतो. मग थिनरनं पुसायचं आणि त्याच दिवशी प्रायमर. रात्रभर उघडं ठेवलं तर दवानं पुन्हा तांबूस होतं. फॅब्रिकेटर नुसता रेड ऑक्साइड (तांबडा प्रायमर) मारून माल देतात आणि आपण तोच रंग समजून ठेवून देतो. तुमच्या मोराचंही तेच झालं असावं. रेड ऑक्साइड स्वतः पाणी शोषतो, त्यावर एनॅमलचे दोन हात लागतातच. कडा आणि सांध्यांना आधी लहान ब्रशनं एक जादा हात द्या, कारण रंग कडेवरून ओढला जाऊन तिथं पातळ राहतो. वस्तू गॅल्व्हनाइज्ड (जीआय), म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली असेल तर एनॅमल थेट मारू नका. जस्त आणि रंगातलं तेल यांचा साबण होतो आणि वर्षभरात पापुद्रे सुटतात. दुकानात जीआयसाठीचा प्रायमर मागा.

रंग नको, लोखंडाचा काळा रंगच हवा असेल तर जवसाचं तेल. उन्हात तापलेल्या वस्तूवर अगदी पातळ हात आणि लगेच कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायचं, वर्षातून दोनदा. फडकं मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. ते तारेवर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवा.

वर्षाची तपासणी मी खंडेनवमीला करतो. कारखान्यात त्या दिवशी मशीन पुसून, गंध-फूल वाहून पूजा करायचो, आता घरी कुदळ-खुरप्याबरोबर बगळ्यालाही पुसतो. पाऊस ओसरलेला असतो, त्यामुळे कुठं फोड आला, कुठलं भोक मातीनं बुजलं ते नेमकं दिसतं. नखाएवढा फोड तेव्हाच खरवडून रंगवला तर पुढच्या होळीला सगळी वस्तू काढावी लागत नाही.

आता घंगाळाकडं या, इथं जरा लक्ष द्या. तुमच्या फोटोत घंगाळाच्या मागं शेणखताचा ढीग दिसतोय. ते तिथं अजिबात ठेवू नका. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात बंदुकीची पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची, तीही घोड्यांच्या पागेशेजारी साठवलेली. त्याला 'सीझन क्रॅकिंग' असं नावच पडलं. कारण पुढं 1921 साली उलगडलं: लीद-मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि पत्रा ठोकून-ओढून आकार देताना त्यात राहिलेला ताण. घंगाळ, हंडा, कळशी ही सगळी ठोकून घडवलेली भांडी, ताण त्यांच्या अंगात असतोच. शेणखत, युरिया, कोंबडखत यांच्याजवळ ठेवलं की काठाला केसासारखी उभी चीर जाते, तिला कल्हईवाला काही करू शकत नाही. माझ्या आईची कळशी अशी गेली. गोठ्याच्या भिंतीला चार महिने लावून ठेवली होती. नागपंचमीला पाणी भरलं तर काठाखालून थेंबांची रांग उभी राहिली, बोट फिरवलं तरी चीर हाताला लागेना, नुसतं ओलं लागायचं. ओतीव पितळेला ही भीती पुष्कळ कमी.

घंगाळात पाणी आणि फुलं ठेवणार असाल तर आठवड्यातून एकदा संपूर्ण ओतून, आतून घासून पुन्हा भरा. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. डासांसाठी गप्पी मासे सोडायचा विचार असेल तर तो सिमेंटच्या टाकीपुरता ठेवा, तांब्या-पितळेच्या भांड्यात उतरणारं तांबं माशांना मारतं.

चकाकीबद्दल माझं मत ठाम आहे: बाहेरचं पितळ घासू नका. चिंच, लिंबू-मीठ, आमसूल लावून ते दिवाळीला सोन्यासारखं होतं, पण प्रत्येक वेळी वरचा थर जातो, कोरलेली नक्षी बोथट होते, आणि कोपऱ्यात राहिलेलं मीठ आठ दिवसांत हिरवं फुटतं. देवघरातली समई रोज घासा, बागेतली राहू द्या. तिच्यावर येणारा तपकिरी-काळसर थरच तिला राखतो. फार तर वर्षातून एकदा साध्या साबणाच्या पाण्यानं धुवा, उन्हात तापवा आणि पातळ मेण चोळा. गाडीचं मेणाचं पॉलिश चालतं, घासणारी पूड असलेलं नको. लॅकर (पारदर्शक रोगण) मारून आणलेलं पितळ बाहेर ठेवाल तर एखाद्या ओरखड्यातून पाणी आत शिरतं आणि लॅकरच्या खाली कोळ्याच्या जाळ्यासारख्या काळ्या रेघा पसरतात. मग सगळं लॅकर काढण्यावाचून उपाय नाही.

राहिला बंब. तो बाहेर मांडाच, बागेत तांब्याइतकं शोभून दिसणारं दुसरं काही नाही. आधी मधल्या नळीच्या तळाची निखाऱ्यांची लोखंडी जाळी काढून घ्या. तांब्याला टेकलेलं लोखंड ओलाव्यात झपाट्यानं गंजतं आणि तो गंज ओघळून तांब्यावर डाग पडतात. तोटी उघडी ठेवा, म्हणजे टाकीत पाणी साचणार नाही. झाकण असेल तर बसवा. पाय लोखंडी असतील तर पाय आणि तांबं यांच्यामध्ये जुन्या ट्यूबच्या रबराचा तुकडा घाला. दोन-तीन पावसाळ्यांत तो आधी चॉकलेटी, मग काळा होईल. हिरवा व्हायला पुष्कळ वर्षं लागतात, घाई म्हणून मीठ-व्हिनेगर फवारू नका. त्याच्या खाली शहाबादी फरशी नको, हिरवे ओघळ निघत नाहीत. माझ्याकडचा बंब चाफ्याखाली जांभ्या दगडाच्या चिऱ्यावर ठेवलाय, तिथं ओघळ दिसतही नाहीत.

जाळी गंजून अडकली असेल तर हातोडा मारू नका, नळी चेपेल. जाळीच्या कडेला तेल सोडून दोन दिवस ठेवा, मग पक्कडीनं हलकं फिरवा. तरी निघाली नाही तर तळाचा फोटो टाका, बघून सांगतो.