दक्षिण चीन समुद्रातल्या बुडत्या खडकावर फिलिपिन्सनं गंजकं जहाज का ठेवलंय? ते मोडलं तर काय होईल?

मी बरीच वर्षं मालवाहू जहाजांवर डेक ऑफिसर होतो. सिंगापूरहून हाँगकाँगकडे निघालं की चार्टवर उजव्या हाताला एक मोठा पट्टा लागतो. त्यावर 'डेंजरस ग्राउंड' असंच छापलेलं असतं. तिथे पाण्याखाली इतके खडक आहेत की मोठी जहाजं त्यात शिरतच नाहीत, पश्चिमेकडून वळसा घालून जातात. तुम्ही विचारलेला सेकंड थॉमस शोल याच भागात आहे. फिलिपिनो त्याला अयुंगिन म्हणतात.

कोकणात ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकाळ जागेला आम्ही खडप म्हणतो. अयुंगिन म्हणजे प्रवाळाचं मोठं खडप, मध्ये उथळ पाणी. सुकतीला थोडं वर दिसतं, भरतीला सगळं पाण्याखाली. हे भरती-ओहोटीचं गणित नीट समजलं की बाकीचं भांडण आपोआप उलगडतं.

समुद्री कायद्यात भरतीच्या वेळी काय उरतं, यावर सगळं ठरतं. भरतीतही कोरडी राहणारी आणि माणसांची वस्ती पेलू शकणारी नैसर्गिक जमीन असेल तर ते बेट, आणि त्याच्याभोवती 200 सागरी मैलांपर्यंत मासे, तेल, वायू यांवर हक्क मिळतो. भरतीत टोक वर राहतं पण त्यावर जगता येत नाही, असा नुसता खडक असेल तर फक्त 12 मैल. आणि भरतीत बुडणारं खडप भर समुद्रात असेल, तर त्याला स्वतःचं काहीच नाही. त्यावर कुणी मालकीही सांगू शकत नाही. ते ज्याच्या 200 मैलांत येतं, हक्क त्याचा. वर वाळू ओतून धावपट्टी बांधली तरी त्याचा दर्जा बदलत नाही.

फिलिपिन्सनं जानेवारी 2013 मध्ये चीनविरुद्ध आंतरराष्ट्रीय लवादाकडे दाद मागितली. 12 जुलै 2016 ला निकाल आला. अयुंगिन हे बुडतं खडप आहे आणि ते फिलिपिन्सच्या 200 मैलांच्या पट्ट्यात आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. फिलिपिन्सच्या पालावान बेटापासून ते साधारण 105 सागरी मैलांवर आहे. चीन सुनावणीला आलाच नाही आणि निकालाला त्यानं रद्दी ठरवलं. त्याचं म्हणणं, इथला सगळा स्प्रॅटली द्वीपसमूह ऐतिहासिक काळापासून आमचा आहे.

मग जहाज कशासाठी? तर 1995 मध्ये शेजारच्याच मिस्चिफ रीफ या खडपावर चीननं बांधकाम केल्याचं फिलिपिन्सला कळलं, तेव्हा उशीर झाला होता. पुन्हा तसं होऊ नये म्हणून 1999 मध्ये त्यांनी 'बीआरपी सिएरा माद्रे' हे जहाज मुद्दाम अयुंगिनवर चढवलं. जहाज 1944 सालचं, अमेरिकेत बांधलेलं, रणगाडे किनाऱ्यावर उतरवण्यासाठीचं, शंभरेक मीटर लांबीचं. आधी अमेरिकेकडे, मग दक्षिण व्हिएतनामकडे, सायगाव पडल्यावर फिलिपिन्सकडे आलेलं. आज त्याच्या पत्र्याला भोकं पडलीत, पण नौदलाच्या यादीतून ते काढलेलं नाही. ती सेवेतली युद्धनौकाच आहे. त्यावर मूठभर मरीन सैनिक राहतात. 1951 च्या संरक्षण करारानुसार पॅसिफिकमध्ये फिलिपिन्सच्या सैन्यावर किंवा सरकारी जहाजावर सशस्त्र हल्ला झाला तर अमेरिका बांधील ठरते, आणि दक्षिण चीन समुद्र त्यात येतो हे अमेरिकेनं 2019 मध्ये उघडपणे सांगितलं. त्या गंजक्या पत्र्यांचं खरं बळ हे आहे.

म्हणूनच चीन जहाजाला हात लावत नाही, रसद अडवतो. ऑगस्ट 2023 मध्ये रसदीच्या बोटीवर पाण्याचे फवारे मारले. 17 जून 2024 ला तर चिनी तटरक्षक कुऱ्हाडी आणि सुरे घेऊन फिलिपिन्सच्या रबरी बोटींना भिडले, बोटी फाडल्या, बंदुका उचलून नेल्या. त्या झटापटीत एका फिलिपिनो नौसैनिकाचा अंगठा गेला. त्याच्या जेमतेम अडीच आठवडे आधी फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष मार्कोस सिंगापुरात म्हणाले होते की हेतुपुरस्सर कृतीनं एकही फिलिपिनो मेला तर ते युद्धाच्या अगदी जवळ जाणारं असेल. अंगठ्याची बातमी वाचली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. बोटीला बोट लागलेली असताना हात मध्ये सापडला की काय होतं, हे डेकवर काम केलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. तिथे अंगठ्याऐवजी डोकं सापडलं असतं तर?

हक्क कुणाचा, याबद्दल माझं मत लपवत नाही. निकाल मान्य करायला हवा. आपल्याकडचंच उदाहरण बघा. बंगालच्या उपसागरात न्यू मूर नावाच्या वाळूच्या बेटावरून भारत आणि बांगलादेशचं अनेक वर्षं वाजलं. 1981 मध्ये भारतानं तिथे नौदलाचं जहाज पाठवलं होतं. पुढे ते बेटच पाण्यात गेलं. मग जुलै 2014 मध्ये लवादानं वादातल्या 25,602 चौरस किलोमीटरपैकी 19,467 बांगलादेशला दिले आणि भारतानं ते स्वीकारलं. मोठ्या देशाला हे जमतं.

तुमचा दुसरा प्रश्न, जहाज मोडलं तर? चीन त्याचीच वाट बघतोय. अन्नपाणी न्या, बांधकामाचं सामान नको, असा त्याचा आग्रह आहे. फिलिपिन्सनं जहाज ओढून न्यायचं वचन दिलं होतं, असंही तो म्हणतो. असं काही वचन माझ्या माहितीत नाही, आणि असलंच तर ते मी रद्द करतो, असं मार्कोस यांनी 2023 मध्ये सांगून टाकलं. जुलै 2024 मध्ये दोघांत रसदीपुरता तात्पुरता समझोता झाला आणि महिनाअखेरीला बोट विनाअडथळा पोहोचली. जहाज मोडून पडलं तरी निकालातला हक्क बुडत नाही, तो जहाजावर अवलंबून नाही. पण मिस्चिफवर निकाल फिलिपिन्सच्या बाजूनं आहे आणि धावपट्टी चीनची आहे. म्हणून त्या मरीनना तिथे राहावं लागतं, आणि भोकं बुजवायला सिमेंट व पत्रा पोहोचतो की नाही यावर सगळं अडलंय.