पॉपनंतर लगेच पुश, तरी कपॅसिटीची तपासणी का?

तुम्ही रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत स्टॅकवर (शेवटी ठेवलेलं आधी काढायच्या ढिगावर) चालणारा इंटरप्रिटर, म्हणजे दुसरे प्रोग्रॅम चालवणारा प्रोग्रॅम, लिहिलाय. व्हेकमधून (रस्टच्या लागेल तशा वाढणाऱ्या यादीतून) दोन आकडे पॉप करता, म्हणजे शेवटून काढता, आणि बेरीज करून एक पुश करता, म्हणजे शेवटी जोडता. जागा नुकतीच रिकामी झालेली असताना असेम्ब्लीत (कंपायलरने बनवलेल्या प्रोसेसरच्या सूचनांत) मेमरी वाढवायचा कॉल कशाला, हा तुमचा प्रश्न रास्त आहे.

लांबी (आत किती आकडे आहेत) कपॅसिटीपेक्षा (किती आकड्यांची जागा घेतलेली आहे) जास्त नसते, हे आपल्याला माहीत असतं. ऑप्टिमायझरला (कोड वेगवान करणाऱ्या कंपायलरच्या भागाला) ते दोन सुटे आकडे दिसतात. लांबी 9 आणि कपॅसिटी 8 असूच शकत नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तशा व्हेकमधून एक पॉप केलं की लांबी 8 होते, म्हणजे पुढच्या पुशला जागा वाढवणं आलंच! म्हणून तो तपासणी ठेवतो.

यावर स्टँडर्ड लायब्ररीच्या पॉपमध्येच आता उपाय आहे. लांबी एकने कमी केल्यावर 'असर्ट_अनचेक्ड' (न तपासता कंपायलरला हमी देणारं फंक्शन) वापरून लांबी कपॅसिटीपेक्षा कमी असल्याची हमी दिली जाते. रिलीज बिल्डमध्ये तिच्यासाठी वेगळी तपासणी होत नाही, उलट पुढच्या पुशमधली गळून पडते. तेव्हा आधी टूलचेन (रस्टचा कंपायलर आणि लायब्ररी) अपडेट करा. मधे तोच व्हेक इनलाइन न झालेल्या (ज्याचा कोड कॉलच्या जागी उतरवलेला नाही अशा) फंक्शनला '&म्यूट' म्हणून, म्हणजे बदलायची मुभा देऊन, दिलात, तर मात्र ही माहिती हरवते.

तपासणीची ती ब्रँच (जर-तरची फांदी) स्वतः फारशी महाग नसते, तिचा अंदाज प्रोसेसर जवळपास नेहमी बरोबर बांधतो. खरा त्रास मेमरी वाढवायच्या कॉलचा. जागा वाढली की पॉइंटर (आकडे मेमरीत कुठे आहेत तो पत्ता) बदलू शकतो, म्हणून तो मेमरीतून पुन्हा वाचण्याची सोय ठेवावी लागते आणि लूपचं व्हेक्टरायझेशन (एका सूचनेत अनेक आकड्यांवर काम करणं) अडतं.

तुमच्या कोडमध्ये मी पुशच काढून टाकेन. वरचा आकडा पॉप करा, खालचा 'लास्ट_म्यूट'ने (शेवटचा आकडा न काढता जागेवरच बदलू देणारं फंक्शन) घ्या आणि त्यातच बेरीज करा. कपॅसिटीचा प्रश्नच उरत नाही आणि कोडही जास्त स्वच्छ वाचता येतो.

'विथ_कपॅसिटी'ने आधी जागा घेतली की लूपमधल्या पुशची तपासणी जाते, असं बरेच जण धरून चालतात. सहसा जात नाही, फक्त प्रत्यक्ष वाढ टळते. स्लाइसवरून (सलग आकड्यांच्या तुकड्यावरून) मॅप करून, म्हणजे प्रत्येक आकडा बदलून, भरायचं असेल तर 'एक्स्टेंड' वापरा. तिथे लांबी आधीच पक्की असल्याने जागा एकदाच तपासली जाते.

'असर्ट_अनचेक्ड' रस्ट 1.81 पासून आपल्यालाही खुलं आहे, पण कृपया घाई करू नका. दिलेली हमी एकदा जरी खोटी ठरली तर तो अनडिफाइन्ड बिहेवियर आहे, म्हणजे प्रोग्रॅम काय करेल याची काहीच खात्री उरत नाही. आधी लास्ट_म्यूट करून मोजा आणि दोन्ही असेम्ब्ली इथे टाका, मी बघतो.