कोकणातील घरासाठी सुंदर आणि कल्पक जिना कसा निवडावा?

गुहागरजवळ दुमजली घर बांधत आहात, दिवाणखान्यातून वर जाणारा जिना पाहुण्यांच्या नजरेत भरावा अशी इच्छा आहे आणि भिंतीतून निघणाऱ्या तरंगत्या पायऱ्या घ्याव्यात की गोल जिना, असे तुम्ही विचारले आहे. मी निवृत्त आरेखक आहे. सरकारी कचेरीत तीस वर्षे नकाशे काढले, त्यामुळे या प्रश्नावर गप्प बसणे मला जमत नाही. शिवाय आमच्या स्वतःच्या घरातील जिन्यावरून धाकट्या भावाशी माझा सहा वर्षे वाद चालू आहे.

आमचे जुने घर जांभ्याचे, वर माडी. तिथे जाणारा जिना लाकडी आणि इतका उभा होता की उतरताना तोंड जिन्याकडेच करावे लागे. कठडा नव्हता, वरून सोडलेला एक दोर होता आणि तो हातांच्या तेलाने काळा झाला होता. त्या जिन्याची एकच गोष्ट आजही कुणी करावी अशी होती : पहिली पायरी जांभ्याची होती, म्हणून वाळवी लाकडापर्यंत चढली नाही. घर पाडून नवे बांधायचे ठरले तेव्हा जिन्याचा नकाशा मी काढला. तयार फरशीपासून तयार फरशीपर्यंत उंची साडेदहा फूट, म्हणजे 126 इंच. सात इंचांचे अठरा चढ (चढ म्हणजे एका पायरीची उभी उंची), पाऊल टेकायला साडेदहा इंच, मधोमध एक चौक, म्हणजे वळायची सपाट जागा. पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक तिची रुंदी यांची बेरीज साधारण 60 ते 64 सेंटिमीटर यावी, हा हिशेब 17व्या शतकातील फ्रेंच वास्तुविशारद फ्रांस्वा ब्लोंदेल याच्या नावाने ओळखला जातो, आणि तो माणसाच्या पावलाच्या लांबीवर बेतलेला असल्यामुळे अजून चुकीचा ठरलेला नाही. आमची बेरीज 62 आली.

भावाचा पहिला आक्षेप असा की पायऱ्या विषम हव्यात, अठरा चालणार नाहीत. चढ अठरा असले की पाऊल टेकायच्या जागा सतराच होतात, कारण अठरावे पाऊल वरच्या फरशीवर पडते. हे त्याला मी कागदावर काढून दाखवले. तो प्रसन्न झाला. मला वाटले, मिटले.

जिना झाला, त्यावर कोटा दगडाची फरशी बसली, पॉलिशही झाले. मी पंधरा दिवस पुण्याला मुलीकडे गेलो आणि तेवढ्यात भावाने मुंबईच्या एका सजावटकाराच्या सांगण्यावरून वरच्या माडीत कोटा रद्द करून जाड मातीच्या लाद्या बसवल्या. दिसायला त्या खरोखरच देखण्या आहेत, हे मी नाकारत नाही. पण लादी आणि तिच्याखालचा माल धरून माडीची फरशी ठरल्यापेक्षा दीड इंच वर गेली. सतरा चढ सात इंचांचे आणि शेवटचा साडेआठ!

त्या वर्षी गणपतीला घरात बावीस माणसे होती. पहिल्या संध्याकाळी आत्या फुलांची परडी घेऊन वर गेली, शेवटच्या पायरीला बोटे अडकली आणि पडली. मनगट मोडले. प्लास्टर घालून आल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "अरे, ही शेवटची पायरी कुणाच्या मापाने केलीत?" भाऊ म्हणाला, वय झाले आहे. दुसऱ्या दिवशी त्याचाच एकवीस वर्षांचा मुलगा तिथेच अडखळला आणि चहाचे पाच कप गेले. जिना चढताना दोन पायऱ्यांतच पायाला माप कळते आणि पुढे पाऊल नेमके तेवढेच उचलले जाते, त्यात वय येत नाही.

यावर भावाचे एक उत्तर आहे आणि ते हुशारीचे आहे, म्हणून देतो. तो म्हणतो, आपल्या वाडीतल्या पाखाडीची, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या पायवाटेची, एक पायरी दुसरीसारखी नाही, तरी तिथून डोक्यावर भारा घेऊन बायका उतरतात, त्या कुठे पडतात? खरे आहे. पण पाखाडीवर माणूस खाली पाहून चालतो, तिथे चढ वितीहून कमी असतो आणि पायरी ऐसपैस. घरात माणूस बोलत, हातात ताट घेऊन, अंधारात चढतो. दुरुस्तीही मी सुचवली होती : वरच्या टप्प्यातील आठ पायऱ्यांचा कोटा काढून पुन्हा बसवायचा आणि तो दीड इंच नऊ चढांत वाटायचा, प्रत्येकी इंचाचा सहावा भाग, पायाला कळणारही नाही. पॉलिश केलेला दगड उखडायला तो तयार झाला नाही.

आता तुमच्या प्रश्नाबद्दल. तरंगत्या पायऱ्या निव्वळ जांभ्याच्या भिंतीत अडकवू नका, तिला तो भार पेलवत नाही. भिंतीत आरसीसी (सळ्या घातलेल्या काँक्रीट) किंवा लोखंडी तुळई लपवावी लागते आणि ती बांधकामापूर्वीच ठरवावी लागते. दोन पायऱ्यांमधील मोकळी फट चार इंचांहून अधिक नको, घरात लहान मूल येतेच. गोल जिना गच्चीसाठी ठीक आहे. मुख्य जिना म्हणून घेतलात तर कपाट वर कसे नेणार, ते आधी सांगा. कठडा स्टीलचा हवा असेल आणि घर समुद्राजवळ असेल, तर 304 ऐवजी 316 प्रतीचे घ्या. त्यात मॉलिब्डेनम असते, त्यामुळे खाऱ्या हवेत डाग आणि खड्डे कमी पडतात. काचेचा कठडा मला आवडत नाही, आठवड्याला मिठाचा थर कोण पुसणार? पावसात ओले पाय घेऊनच माणसे चढणार आहेत, तेव्हा पायऱ्यांना चकचकीत पॉलिश नको आणि कडेला दोन खाचा मारून घ्या. आम्ही मारल्या नाहीत, ती चूक माझी.

राष्ट्रीय बांधकाम संहितेत घरगुती जिन्यासाठी पायरीची उंची जास्तीत जास्त 190 मिलिमीटर आणि रुंदी किमान 250 मिलिमीटर आहे. वयस्कर माणसे असतील तर या टोकांपर्यंत जाऊ नका. मी सांगितलेली मापे आमच्या उंचीची आहेत, तुमची वेगळी येतील. खालची आणि वरची फरशी कोणती, किती जाड, हे आधी ठरवून दोन तयार फरश्यांमधील उंची कळवा, स्लॅबची नको. चढ किती आणि केवढे, ते काढून देईन.

भाऊ हे वाचेलच. शेवटच्या पायरीवर त्याने चिकटवलेली पिवळी पट्टी डाव्या बाजूने सुटली आहे, गणपतीपूर्वी पाहावी.